काळी राहिलेली काच

पोटॅशियम ब्रोमाईडची बाटली मी उघडली होती. दुसऱ्या कुणीही नाही. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण सरांविषयी लिहायला मी यापूर्वीही बसलो होतो आणि त्यांच्या गमती सांगता सांगता हे वाक्य टाळून थेट शेवटाला पोचलो होतो. वाचणाऱ्यांना ते लिखाण आवडलं असतं. मी ते फाडून टाकलं.

सर बसत नसत. खुर्ची होती, पण तिच्यावर कायम पुस्तकांचा ढीग. वर्गात शिकवताना ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत, फळ्यावर लिहितानासुद्धा एक पाय निघायच्या बेतात असे. कॅन्टीनमध्ये उभ्यानं चहा, प्रयोगशाळेत उभ्यानं डबा. आणि असा हा कधीही न बसणारा माणूस आयुष्यभर एकच प्रश्न विचारत राहिला, "बसलाय कुठं?"

प्रश्न अणूविषयी असायचा. एखाद्या विद्यार्थ्यानं नव्या पदार्थाचं नाव घेतलं, त्याचा रंग सांगितला, त्यातून वीज किती वाहते ते सांगितलं, की सर हात वर करून त्याला थांबवत. "ते ऱ्हाऊ दे. अणू बसलाय कुठं ते सांग की. शेजारी कोण हाय त्याच्या? किती लांब हाय? जागा पुरती हाय का तंगडी आखडून बसलाय?" भरल्या परिषदेत, इंग्रजीतसुद्धा, ते अणूला 'तो' म्हणत. बाहेरगावचे प्राध्यापक हसत. सरांना त्याचं काही वाटत नसे.

ते मूळचे शाहूवाडीकडचे. घर भाताच्या शेतात मजुरी करणारं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि पोरांना शाळेत घातलं. सर विद्यापीठात रीडर झाले, तरी बोलणं त्यांनी तिकडचंच ठेवलं. आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना ते गावाच्या नावानं हाक मारत. मी जयसिंगपूर. माझा जोडीदार गडहिंग्लज. एक मुलगी होती, ती कागल. "ए जयसिंगपूर, तराजू लाव. गडहिंग्लज, तू लांब ऱ्हा त्याच्यापासनं." आम्हाला ती त्यांची लहर वाटायची. आडनाव उच्चारलं की खोलीतल्या माणसांत ताबडतोब रेघा ओढल्या जातात आणि त्या ओढायचं सर टाळत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. माझं आडनाव ज्या बाजूला पडतं, तिथून या रेघा सहसा दिसत नाहीत.

एकदा माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला सर माझ्याबरोबर एसटीनं जयसिंगपूरला आले. गाडी भरलेली. सर अर्थातच उभे. हातकणंगल्याच्या पुढं त्यांच्या लक्षात आलं की तिघांच्या एका बाकावर दोनच किडकिडीत माणसं बसली आहेत आणि प्रत्येक वळणाला ती इकडून तिकडं घरंगळत आहेत. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी वाहकाला हाक मारली, "पावणं, ह्यास्नी एक जाडा मानूस द्या की मधी. जागा मोठी आणि मानूस बारका, म्हणून हलाय लागल्यात."

वाहक म्हणाला, "ओ पावणं, आधी तिकीट काढा. मग कुणाला कुठं बसवायचं ते बघू."

"आरं, मी तुझ्या गाडीबद्दल न्हाय बोलत. सिझियमबद्दल बोलतोय."

"त्योबी गाडीत हाय व्हय? मग त्याचंबी काढा."

ही गोष्ट सर स्वतःच सगळीकडे सांगत. पण त्यांचं सगळं संशोधन त्या बाकात होतं, म्हणून जरा समजावून सांगतो.

पेरोव्हस्काईट नावाचं एक घराणं आहे. नाव एका खनिजाचं, पण घडणीच्या त्याच तऱ्हेनं पुष्कळ पदार्थ बांधले जातात. सर ज्याच्या मागे लागले होते त्यात तीन जातींचे अणू होते. मधे शिशाचा एक अणू आणि त्याच्या सहा बाजूंना आयोडीनचे सहा, असा आठ पृष्ठांचा एक गोळा. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवावेत तसा. असे गोळे कोपऱ्याला कोपरा लावून वर-खाली, चहूकडे रचत जायचे. मग त्यांच्या मधे एक पोकळ खोली तयार होते. त्या खोलीत सिझियमचा अणू राहतो. सर त्याला 'पावणं' म्हणत. अडचण अशी की आयोडीनचे अणू मोठे, त्यामुळे खोली मोठी, आणि पावणं त्या मानानं बारकं. ते आत हलत राहतं. तापवलेलं असेपर्यंत खोली तग धरते. तेव्हा पदार्थ काळा असतो आणि ऊन पितो. निवला, त्याला दमट हवा लागली, की गोळे कलंडतात, कोपरे सोडून कडेला कड लावून ओळीनं निजतात, आणि पदार्थ पिवळा पडतो. पिवळा ऊन पीत नाही. "पिवळं नुसतं उनाकडं बघतंय," सर म्हणत.

त्यांना काळा हवा होता. निवल्यावरही काळा राहणारा. त्याच्यावर ऊन पाडायचं आणि वीज काढायची. त्या काळी सौर विजेसाठी सगळे सिलिकॉनच्या नाहीतर आमच्या मजल्यावरच्या इतरांसारखे कॅडमियमच्या मागे होते. हा कलंडणारा पदार्थ कुणाला नको होता. सर म्हणायचे, "सिलिकॉनला भट्टी लागतीया मोठी. ह्याला आपला तवा पुरतोय. गरिबाचं काम हाय हे."

हे सगळं दाखवायला त्यांनी एक नमुना केला होता. तो मी जन्मात विसरणार नाही. प्लास्टिकचे गोळे आणि काड्या मोडत, म्हणून त्यांनी चपलांचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जाड चामड्याचे सत्तावीस अष्टफलक शिवून घेतले आणि कोपऱ्याशी वादीनं बांधून घेतले. तो माणूस म्हणाला होता म्हणे, "सर, करून देतो, पर हे पायात घालायचं कुणी?" ते तीन मजली चामडं प्रयोगशाळेच्या छताला टांगलेलं असे. त्यातला एक गोळा हातानं फिरवला की शेजारचा उलटा फिरे, त्याच्या पलीकडचा पुन्हा सुलटा. एकानं मान वळवली की सगळ्या घराला वळावं लागे. मी कित्येक तास ते फिरवत बसलेलो आहे.

शेजारच्या प्रयोगशाळेतले प्राध्यापक एकदा दारातून डोकावले, नमुन्याकडं बघून म्हणाले, "वा! लॅबमधे चामडं आलं का शेवटी?" आणि माझ्याकडं बघून हसले. मी हसलो. वाईट अर्थानं नाही, सवयीनं. वरिष्ठ हसले की आपणही हसायचं, इतकंच. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांना म्हणाले, "चामडं हाय म्हणून वाकतंय, सर. तुमचं प्लास्टिक असतं तर मोडलं असतं."

पावसाळ्यात तर वेड लागायची पाळी. तापलेल्या काचपट्टीवर दिलेला त्या पदार्थाचा थर असा सुंदर काळा व्हायचा की त्यात तोंड दिसावं. मग काच तव्यावरून उचलून आम्ही धावत लाकडी पेटीकडे न्यायचो. त्या पेटीत दिवा लावून हवा कोरडी ठेवलेली असे. शिपाईमामा तिला 'उबवणी' म्हणत. "आज किती पिल्लं निघाली, सर?" एकही नाही. चहा घेऊन येईतो काचेच्या कडेनं पिवळा डाग सुरू झालेला असे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत आत सरके. सर डोकं पेटीत घालून बघत राहत. "बघ, बघ, एक कलंडला की शेजारचा ऱ्हात न्हाय."

माझं त्या प्रयोगशाळेतलं काम वजनाचं. सर सगळ्यांना सांगत, "जयसिंगपूरचा हात म्हणजे तराजू हाय." ते ऐकायला मला फार आवडायचं. बीएस्सीला माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. घरात थोरला भाऊ व्यापारात हुशार, मी आपला सांभाळून घेतलेला. इथं कुणीतरी माझ्या हाताचं नाव घेत होतं.

थरासाठी लागणाऱ्या सिझियम आयोडाईडची बाटली आमच्याकडं एकच होती, छोटी. खरेदी समितीच्या मागे लागून लागून सरांनी ती मिळवली होती. एका सकाळी सर बैठकीला गेलेले, मी एकटा वजन करत होतो. बाटली बेसिनच्या कडेला ठेवली होती, ती ठेवायची जागा नव्हे. कोपर लागलं. बाटली बेसिनमधे आडवी झाली आणि आतली निम्मी पूड त्याच्या ओल्या तळाशी पडून बघता बघता विरघळून गेली. आवाजही झाला नाही.

मला ओरडा बसला नसता. हे आता सांगतो आहे असं नाही, तेव्हाही ठाऊक होतं. गडहिंग्लजनं एकदा महागडी नळी फोडली होती, तेव्हा सर एवढंच म्हणाले होते, "फुटली म्हणालास, बरं केलंस." पण त्यानंतर त्यांनी त्याला नळ्यांना हात लावू दिला नाही. माझा तराजू जाणार होता. तेवढ्यासाठी मी शेजारच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथं पोटॅशियम ब्रोमाईडच्या भरपूर बाटल्या असत. त्यांच्या यंत्राला नमुन्यांच्या टिकल्या करायला ते लागतं. पांढरं, बारीक, अगदी सिझियम आयोडाईडसारखं दिसणारं. मी कागदाच्या पुडीत ते आणलं आणि बाटलीतली उरलेली पूड आणि हे एकत्र हलवून बाटली पूर्वीएवढी भरून ठेवली. किती टाकलं ते मोजलं नाही. ज्याचा हात तराजू, त्यानं. मनाशी म्हटलं, आजचा थर बिघडेल, रोजच बिघडतो. बाटली संपली की नवी येईल. विषय मिटेल.

थर बिघडला नाही.

काच तव्यावरून उतरली, पेटीत गेली, आम्ही चहाला गेलो, आलो. काळी. संध्याकाळी काळी. दुसऱ्या दिवशी सरांनी ती पेटीतून काढून उघड्या टेबलावर ठेवली आणि तिच्याभोवती फेऱ्या घालू लागले. काळी. त्यांनी तारा जोडल्या, खिडकीतलं ऊन तिच्यावर घेतलं, आणि मीटरचा काटा उठला. सरांनी काचेवर हात धरला, काटा पडला. हात काढला, उठला. मी तिथंच होतो. ते हात धरत आणि काढत राहिले.

मग ते काच रुमालात घेऊन खाली गेले. बागेत काम करणाऱ्या माणसाला दाखवली, शिपाईमामांना दाखवली, फाटकावरच्या रखवालदाराला दाखवली. "काळी हाय का?" "व्हय सर, काळी हाय." "उद्याबी इचारणार मी." जिलेबी आणली, मजल्यावर सगळ्यांना वाटली. मीही खाल्ली.

मी त्या दिवशी सांगू शकलो असतो. त्या वेळी ती चूक शोध ठरली असती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्याचा अर्थच झिजला आहे. पण मला तेव्हा कळलंच नाही की काळेपणा आणि माझी पुडी यांचा काही संबंध आहे. मला वाटलं, नशीब. सरांनी त्याच बाटलीतून स्वतःच्या हातानं आणखी थर केले. ते सगळे टिकले. सर कधीच एका निकालावर बोलणारे नव्हते.

कळलं ते क्ष-किरणांच्या आलेखावर. त्या काळी यंत्रातून कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येई आणि तिच्यावर पेन शिखरं काढत जाई. शिखर कुठं आलं त्यावरून अणूंमधलं अंतर काढायचं. सर पट्टी खिडकीच्या काचेला लावून उभे होते. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "जयसिंगपूर, ही रेघ उजवीकडं सरकल्यासारखी दिसतीया रे. म्हणजे घर जरा लहान झालंय. का झालं असंल?"

ब्रोमीनचा अणू आयोडीनहून लहान. तो काही जागी आयोडीनऐवजी बसला असेल तर खोली आकसणार. खोली आकसली की पावणं नीट बसणार, हलणार नाही, घर कलंडणार नाही. सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. सरांनी जे आयुष्यभर विचारलं त्याचं उत्तर जगात त्या घटकेला फक्त मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "कागद सरकला असंल, सर. तो रोलर सैल झालाय."

सरांनी पट्टीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "असंल," म्हणाले. माझ्या हातावर त्यांचा विश्वास होता, तो माझ्या तोंडापर्यंत गेला होता.

बाटली सांडणं ही चूक होती. हे मात्र खोटं होतं, आणि ते मी पुरतं कळून बोललो.

पुढं जे झालं ते भरभर सांगतो, कारण सावकाश सांगवत नाही. सरांनी विभागाच्या परिसंवादात काळी काच दाखवली. लेख लिहून छापायला पाठवला. पुण्याहून एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ मुद्दाम बघायला आले. म्हणाले, माझ्यासमोर एक थर करून दाखवा. तोवर जुनी बाटली संपली होती, नवी आली होती. माझ्या हातानं वजन झालं. सरांनी थर केला. काळा झाला. सगळे चहाला बसले, सर उभे. चहा संपायच्या आत काचेच्या कडेला पिवळा डाग आला आणि सगळ्यांच्या देखत आत सरकत गेला.

शेजारचे प्राध्यापक म्हणाले, "हळद लागली की हो!"

लोक हसले. पाहुणे हसले नाहीत, घड्याळ बघून निघाले. सरांनी दुसरा थर केला, तिसरा केला. दिवस मावळेपर्यंत टेबलावर पिवळ्या काचांची ओळ लागली.

तेव्हापासून कॅन्टीनमध्ये, जिन्यात, "काय सर, हळद कवा?" सुरू झालं. पाठीमागे बोलणं निराळं होतं. "आधीची काच कुणी रंगवली होती कुणास ठाऊक." "बढतीची घाई असते हो या लोकांना." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, शेजारच्या टेबलावरून, हातात पोह्यांची बशी धरून.

सरांनी लेख स्वतः मागे घेतला. लिहून कळवलं की मला पुन्हा करता आलं नाही. आणि मग त्यांची खरी तगमग सुरू झाली. त्या दिवसांत काय वेगळं होतं ते ते शोधू लागले. पाणी बदललं. काचा बदलल्या. तवा बदलला. त्या दिवशी खिडकी उघडी होती का? मग उघडी ठेवा. त्या दिवशी कोणता शर्ट होता? घरून तोच घालून आले, त्याचा धागा पडला असेल म्हणून. शेवटी एका दुपारी माझ्याकडं वळले.

"त्या दिवशी तू कुठं हुतास?"

"इथं, सर. तराजूपाशी."

"तिथंच उभा ऱ्हा. तोंड कुणीकडं हुतं?"

"बेसिनकडं."

"कर मग बेसिनकडं. आणि बोलत हुतास का गप हुतास?"

"गप होतो, सर."

"मग गप ऱ्हा."

मी बेसिनकडं तोंड करून उभा राहिलो. माझ्या मागे सर थर देत होते. त्यांनी सगळं जमवलं होतं. हवा, पाणी, शर्ट, मी. बेसिनची ती कड माझ्यासमोर होती. दोन शब्द बोललो असतो तर पुरे होतं. पण आता ते शब्द म्हणजे बाटली, रोलर, पुणेकर पाहुणे, मागे घेतलेला लेख, सगळंच झालं होतं. दर दिवशी ते आणखी जड होत होतं. मागून सरांचा आवाज आला, "पिवळंच." मग बऱ्याच वेळानं, "ये इकडं. पाय दुखले असतील."

प्रोफेसरपदाच्या मुलाखतीत त्यांना तेच विचारलं गेलं. पद दुसऱ्याला मिळालं. मी सरांच्याच हाताखाली, पण भलत्या विषयावर पीएचडीची पदवी घेतली. काळ्या काचेचा उल्लेख टाळता येईल असा विषय मी स्वतः शोधला होता. जयसिंगपूरला महाविद्यालयात लागलो, लग्न झालं, मुलं झाली. कोल्हापूरला जायचं असलं की विद्यापीठाचा रस्ता टाळत असे. नृसिंहवाडीला आई दर पौर्णिमेला न्यायची. हात जोडून उभा राहिलो की डोळ्यांसमोर बेसिन यायचं.

सर निवृत्त झाले. मग दोन हजारच्या दशकाच्या शेवटी एक बातमी वाचली. जपानात कुणीतरी याच घराण्यातल्या पदार्थाचा सौर घट केला होता. शिसं तेच, आयोडीन तेच, दुसऱ्या घटात तर ब्रोमीन. सिझियमच्या जागी पावणं निराळं होतं. वीज थोडीच निघाली होती आणि घट टिकतही नव्हता. चार ओळींची बातमी. कुणाच्या लक्षातही आली नसेल. मी तो अंक ग्रंथालयात परत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. त्याच रविवारी कोल्हापूरची गाडी पकडली.

दार सरांच्या पत्नीनं उघडलं. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना बाई म्हणायचो. "अगंबाई, जयसिंगपूर! किती वाळलास रे." सर मागच्या अंगणात उभे होते, पांढरे झालेले. मी बातमी सांगणार होतो, ती बाजूला राहिली. पायावर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं, ते त्यांना चालत नसे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटली, पुडी, रोलर, कॅन्टीनमध्ये ऐकलेलं बोलणं.

सरांचे डोळे मोठे झाले. "ब्रोमाईड! म्हणजे रेघ सरकली हुती ती खरी? घर लहान झालं हुतं?" ते अंगणात चालू लागले. "आरं मग बसणारच की पावणं! अगं, ऐकलंस का? ब्रोमाईड हुतं ते!" वळले. "किती टाकलंतंस?"

"मोजलं नाही, सर."

"अंदाजे सांग की. चमचा? दोन चमचे?" मी हातानं पुडी दाखवली. ते बोटांनी हवेत हिशोब करू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की क्षणभर मला वाटलं, सुटलो.

बाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या मुलाखतीवरनं आले तेव्हा तीन दिवस हे जेवले नव्हते. तुला ठाऊक होतं?"

सरांची बोटं थांबली. हळूहळू चेहरा उतरला. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता.

"तुला भ्या वाटलं हुतं, हे मला कळतंय," सर म्हणाले. "ते सोड. पर जयसिंगपूर, मला यडा म्हटलं असतं तर मी हसलो असतो. खोटारडा म्हणाले. तुला खोटारडा म्हणायला लोकांना पुरावा लागला असता. मला म्हणायला एक पिवळी काच पुरली. तू तिथं बसला हुतास. ऐकत हुतास."

"व्हय, सर."

"मग इथं अंगणात माफी मागून काय उपेग? इथं मला कोण खोटारडं म्हणतंय? जिथं म्हणाले तिथं माग."

मी म्हणालो, "मागतो."

"बघू," सर म्हणाले आणि माझ्याकडं पाठ करून कुंडीतल्या झाडाला पाणी घालू लागले. बाईंनी चहा दिला नाही. मीही थांबलो नाही.

विभागात परवानगी मिळवायला मला फार खेटे घालावे लागले. 'जुनी भांडणं कशाला?' असं म्हणणारे सगळे सज्जन होते. शेवटी शनिवारच्या नेहमीच्या चर्चासत्रात थोडा वेळ मिळाला, सरांनी काळी काच दाखवली होती त्याच खोलीत. नव्या मुलामुलींनी खोली भरली होती, जुने पाचसात. शेजारचे ते प्राध्यापक आता निवृत्त, पण आले होते, पुढच्याच रांगेत. सर येतील असं वाटलं नव्हतं. सुरू करणार तोच बाईंबरोबर आत आले.

मी सुरुवात केली. आधी बाटलीचं सांगितलं, मग पुडीचं, मग कागदाच्या पट्टीचं आणि मी काय उत्तर दिलं त्याचं. खोलीत एक मुलगी भराभर लिहून घेत होती. पुढच्या रांगेतले प्राध्यापक म्हणाले, "अहो, होतं असं कधीकधी. सोडून द्या." मी म्हणालो, "नाही सर, होऊन गेलं असं नाही. मी केलं, आणि तुम्ही हसलात तेव्हा मी गप्प बसलो."

मग मी सरांकडं वळलो. जे पाठ करून आलो होतो त्यातलं काही आठवेना. म्हणालो, "सर, तुमची काच खरी होती. तुम्ही या खोलीत एकही शब्द खोटा बोलला नाहीत. खोटं मी बोललो आणि ते तुमच्या नावावर राहू दिलं, कारण तुमच्या नावावर ते सहज खपत होतं. हेही मला तेव्हा कळत होतं. तुमची मी माफी मागतो. बाई, तुमचीही."